वाचकांचे प्रश्न : अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून कसा लावावा?

या खेपेस सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच अडचणीकडे आहे. पाठ्यपुस्तकातील शब्दार्थ मुलांना तोंडपाठ असतात, पण न वाचलेला उतारा समोर आला की तीच मुले पहिल्याच अवघड शब्दापाशी अडून बसतात. म्हणून इतर विषयांची पत्रे पुढील अंकासाठी ठेवून या अंकात याच प्रश्नाचा विचार करीत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. धडा सुरू करण्यापूर्वी मी कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ फळ्यावर लिहून देते. अलीकडे ते बंद करून ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ असे सांगून पाहिले, तर मुले मनाला येईल ते सांगू लागली. ही पद्धत आमच्यासारख्या वर्गात चालणारच नाही का? — एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : पद्धत चालेल, मात्र ‘अर्थ ओळखा’ एवढ्या सूचनेवर ती चालत नाही, कारण ओळखायचे कसे हे त्या सूचनेत कुठेच आलेले नसते. तरबेज वाचक हे काम मनातल्या मनात आणि इतक्या झटपट उरकतो की मुलांना त्यातले काहीच दिसत नाही. त्यामुळे पहिले काही तास मुलांना न विचारता आपणच मोठ्याने विचार करून दाखवावा, असे आम्ही सुचवू. उदाहरणासाठी पुढील तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत : ‘पहाटेपासून कारखान्यात मागांचा खडखडाट चालू होता. दुपारी वीज गेली आणि खडखडाट एकाएकी निमाला. इतका वेळ एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलणारे कामगार आता नेहमीच्या आवाजात बोलू लागले.’

‘निमाला’ हा शब्द सातवीच्या मुलाच्या कानावरून सहसा गेलेला नसतो. आता आपण असे बोलत जावे : ‘हा शब्द वाक्याच्या शेवटी आला आहे आणि त्याचे रूप पुल्लिंगी एकवचनी आहे. वीज स्त्रीलिंगी, तिच्यासाठी “गेली” आलेच आहे. तेव्हा “निमाला” हे क्रियापद असून जे काही झाले ते खडखडाटाचे झाले. आधी आवाज इतका होता की कानाशी तोंड न्यावे लागत होते. वीज गेल्यावर ती गरज उरली नाही. म्हणजे आवाज थांबला असावा. “खडखडाट एकाएकी थांबला” असे वाचून पाहते. वाक्य जुळते, पुढचे वाक्यही जुळते. “वाढला” घालून पाहिले तर तिसऱ्या वाक्याला अर्थच राहत नाही. “बिघडला” घातले तर? माग बिघडतो, खडखडाट कसा बिघडेल?’ एखादा चौकस विद्यार्थी ‘कमी झाला’ असेही सुचवील. तेही चुकीचे म्हणता येणार नाही, कारण निमणे म्हणजे शांत होणे, शमणे. या दोन्ही अंदाजांनी वाचन पुढे सरकते आणि नेमकी छटा नंतर कोशात पाहता येते.

या बोलण्यात पहिला आधार व्याकरणाचा आला, तो मुद्दाम. मराठीत क्रियापद कर्त्याशी किंवा कर्माशी लिंगवचनाने जुळते, विशेषण नामाबरोबर बदलते आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून येतात; अर्थ ठाऊक नसतानाही शब्द कोणत्या जातीचा आहे आणि तो कोणाशी बांधलेला आहे, हे त्यामुळे कळते. व्याकरणाच्या तासाला मुले ‘शब्दांच्या जाती’ ओळखतात आणि गद्याच्या तासाला ते सारे विसरतात, ही आपल्या अध्यापनातील जुनी फारकत आहे. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी परभाषा शिकणाऱ्यांसाठी सुचवलेली रीतही अशीच आहे : आधी शब्दाची जात, मग त्याच वाक्यातील शेजारचे शब्द, मग मागच्या-पुढच्या वाक्यांशी असलेला संबंध, मग अंदाज आणि शेवटी अंदाजाची तपासणी. वाक्या-वाक्यांमधला संबंध दाखवणारे ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘किंबहुना’ हे छोटे शब्द मुले वाचताना गाळून टाकतात. अवघड शब्दाभोवतीचे असे शब्द आठवडाभर नुसते अधोरेखित करायला लावले, तरी फरक जाणवेल.

या सगळ्यात वर्गात हमखास राहून जाते ती तपासणी. एका मुलाने बरोबर अंदाज सांगितला की आपण ‘शाब्बास’ म्हणून पुढे जातो, दुसऱ्याने चुकीचा सांगितला की ‘नाही, तू सांग’ म्हणून पुढच्याकडे वळतो आणि दोघांनाही आपला अंदाज का टिकला किंवा का पडला हे कळत नाही. अंदाज बरोबर असो वा चूक, ‘कशावरून?’ हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला गेला पाहिजे आणि सांगितलेला अर्थ मूळ शब्दाच्या जागी घालून ते वाक्य मोठ्याने वाचून घेतले पाहिजे. यात वेळ जातो, हे खरे आहे. त्यासाठी एका धड्यात दहा शब्दांऐवजी तीनच घ्यावेत.

आता आपल्या वर्गाच्या भाषांविषयी. मुलाने आपला अंदाज तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगितला तर तो जरूर मान्य करावा; आपल्याला ती भाषा येत नसली तरी शेजारच्या बाकावर मराठीत सांगणारा कोणी ना कोणी निघतोच. अडचण निराळ्याच ठिकाणी येते. संस्कृतातून आलेले पुष्कळ शब्द या तिन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे अर्थ वेगवेगळ्या दिशांना गेले आहेत. ‘पावसाने उसंत दिली आणि शेतकऱ्यांना पेरणीचा अवसर मिळाला’ हे वाक्य घ्या. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज, कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई आणि मराठीत ‘अवसर’ म्हणजे संधी किंवा मोकळा वेळ. शब्द ओळखीचा वाटल्याने मूल संदर्भाकडे पाहतच नाही. येथेही पर्याय घालून वाचण्याचीच कसोटी उपयोगी पडते. ‘पेरणीची गरज मिळाली’, ‘पेरणीची घाई मिळाली’ असे मोठ्याने वाचले की ‘मिळणे’ हे क्रियापदच दोन्ही अर्थ नाकारते आणि काय मिळू शकते याचा विचार सुरू होतो. (जाता जाता : ‘अनुमान करा’ असे सांगताना तेलुगू भाषक मुलाच्या मनात ‘संशय घ्या’ असे काहीतरी उमटू शकते, कारण त्याच्या घरी ‘अनुमानम्’चा रूढ अर्थ संशय असा आहे. ‘अंदाज बांधा’ म्हणणे बरे.)

सरावासाठी एक खेळ सुचवतो. हाइन्झ वर्नर आणि इडिथ कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साडेआठ ते साडेतेरा वर्षांच्या मुलांना बनावट शब्द दिले होते. प्रत्येक शब्द सहा वाक्यांत गुंफलेला होता आणि एकेक वाक्य पुढे येईल तसा अर्थ शोधायचा होता. लहान मुले बहुधा साऱ्या वाक्याचाच अर्थ त्या एका शब्दात कोंबत आणि पुढचे वाक्य आले तरी आधीचा अर्थ सोडत नसत, असे त्यात दिसून आले. आपल्या वर्गात ‘लोमका’ असा एखादा शब्द बनवावा. ‘बाबांनी अंघोळीला जाताना लोमका घेतला’ एवढे वाक्य दिले की मुले साबण, तांब्या, पंचा असे काहीही सांगतील आणि ते सारे बरोबरच असेल. ‘लोमका ओला झाला म्हणून आईने तो दोरीवर टाकला’ म्हणताच साबण आणि तांब्या बाद होतात, पण सदरा उरतो. ‘उन्हात निघताना आजोबांनी लोमका डोक्याला गुंडाळला’ म्हटल्यावर सोलापूरच्या मुलाला टॉवेल सांगायला वेळ लागणार नाही. आधीचा अंदाज सोडून द्यावा लागतो आणि त्यात काही कमीपणा नाही, हे या खेळातून व्याख्यानाशिवाय कळते. शब्द बनावट असल्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना वरचढपणाही मिळत नाही. आपल्या वर्गासाठी हा मोठाच फायदा आहे.

शेवटचा मुद्दा उताऱ्याच्या निवडीचा. जिथे ओळीओळीत तीन शब्द अडतात, तिथे संदर्भच उरत नाही. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांवरील अभ्यासांत, मजकुरातील निदान ९५ टक्के आणि विनासायास आकलनासाठी ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात, असे आढळले आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून येत असल्यामुळे हे आकडे आपण तंतोतंत लावू नयेत, पण शंभर शब्दांत पाचांहून अधिक अनोळखी असतील तर तो उतारा या सरावासाठी बाजूला ठेवावा. आणि फळ्यावर शब्दार्थ लिहिणे पूर्ण बंद करण्याचीही गरज नाही. ज्या शब्दाचा अर्थ उताऱ्यातून निघूच शकत नाही आणि ज्याच्यावाचून धडा अडतो, असे दोन-तीन शब्द आधी खुशाल सांगून टाकावेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वेळी शब्द अडला की शब्दकोश उघडायची शिस्त होती. आता ‘अंदाज बांधा’ म्हणतात. हे आळसाला दिलेले गोंडस नाव नव्हे काय? — बार्शी

उत्तर : गुरुजी, आपली शंका रास्त आहे आणि तिचा अर्धा भाग आम्हाला मान्य आहे. ज्या वर्गात अंदाजानंतर कोश उघडलाच जात नाही, तिथे अर्धवट समजुतींचा साठा वाढत जातो. एकदा वाचून शब्द अंगवळणी पडतो, हीही भाबडी समजूत आहे. अमेरिकेत विल्यम नेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये, आणि पुढे १९९९ मध्ये नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी आधीचे वीस प्रयोग एकत्र तपासून दाखवून दिले की सहज वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी थोडेच पदरात पडतात. नेदरलँड्सच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे १५ टक्के निघाले. म्हणजे बाकीचे शब्द पुन्हा पुन्हा भेटावे लागतात किंवा मुद्दाम शिकवावे लागतात.

तरीही कोशाचा उपयोग करण्यासाठीच संदर्भ लागतो, हा दुसरा भाग आपण विचारात घ्यावा. ‘त्याच्या दंडात कळ आली’, ‘त्याने कळ दाबली’, ‘त्याने दोघांत कळ लावली’, ‘तिने थोडी कळ काढली’ या चार वाक्यांपुढे कोशातील ‘कळ’ ही नोंद उघडली, तर वेदना, यंत्राची खुंटी, भांडण, धीर असे अर्थ एकाखाली एक उभे असतात. वाक्याचा विचार न करणारा विद्यार्थी त्यांतला पहिला अर्थ उचलतो आणि वहीत ‘त्याने वेदना दाबली’ असे लिहून मोकळा होतो. हे वाक्य ऐकायलाही बरे वाटते, म्हणून चूक लक्षात येत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ पासून पुढे प्रसिद्ध झाले. हे दोन्ही कोश आता संगणकावर आणि मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. मात्र दोन्ही बरेच जुने आहेत आणि त्यांतील नोंदींची गर्दी पाहून मोठा माणूसही गांगरतो. हातात आधीच एक कच्चा अंदाज असेल, तर त्या गर्दीत आपला अर्थ सापडतो. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी अंदाज पेन्सिलीने समासात लिहायचा, मग कोश उघडायचा आणि दोन्हींत फरक पडला तर पुन्हा उताऱ्याकडे जाऊन आपली वाट कुठे चुकली ते पाहायचे. आपल्या वेळची शिस्त यात मोडत नाही, उलट कोश उघडण्याला कारण मिळते.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. शिकवणीत त्याच्याकडून उपसर्ग आणि प्रत्यय अर्थासह पाठ करून घेतात. त्यावरून कोणताही शब्द फोडता येतो, असे तेथे सांगतात. हे कितपत खरे? — पालक, अक्कलकोट

उत्तर : ‘कोणताही’ हा शब्द वगळला तर खरे आहे. ‘अन्’ म्हणजे नाही आणि ‘अनु’ म्हणजे मागून किंवा प्रमाणे, हे पाठ असलेल्या मुलाला ‘अनुपस्थित’, ‘अनुदार’, ‘अनुवाद’ आणि ‘अनुकरण’ हे चार शब्द एकापाठोपाठ द्या. पहिल्या दोन शब्दांत ‘अन्’ आहे आणि पुढच्या दोहोंत ‘अनु’. डोळ्यांना मात्र चारही ठिकाणी ‘अनु’च दिसते. ‘दुर्गुण’ आणि ‘दुष्काळ’ यांवरून ‘दु’ म्हणजे वाईट असे ठरवणारा मुलगा ‘दुमजली’ घराला वाईट घर म्हणेल. ‘अमूल्य’ या शब्दात नकार आहे, पण त्याचा अर्थ बिनमोलाचे टाकाऊ असा नसून ज्याचे मोल करता येणार नाही असे मौल्यवान असा आहे. त्यामुळे शब्द फोडून पाहणे हा पहिला मार्ग ठेवू नये. फोडीने आधीच एक अर्थ मनात बसला की मूल संदर्भालाही त्याच अर्थाकडे ओढू लागते, आणि नेशन यांनीही याच कारणासाठी शब्दाचे अवयव शेवटच्या तपासणीकडे ढकलले आहेत.

योग्य जागी मात्र याचा फार उपयोग होतो. आपल्या जिल्ह्याविषयीच्या बातम्यांत ‘अवर्षणप्रवण तालुके’ असा शब्द सतत येतो. बातमी पाण्याच्या टँकरची आणि चारा छावणीची असते, तेव्हा पावसाशी किंवा टंचाईशी त्याचा संबंध आहे एवढे संदर्भ सांगतो. मग शब्द फोडावा : ‘वर्षण’मध्ये वर्षा दिसते, आधीचा ‘अ’ नकाराचा. ‘प्रवण’ मात्र उरते. आता मुलाला पुण्याच्या रस्त्यावरील ‘अपघातप्रवण क्षेत्र’ हा फलक आठवायला सांगावे. अपघात रोज होत नाहीत, पण होण्याचा संभव तिथे अधिक. तसेच ज्या तालुक्यांत पाऊस न पडण्याचा संभव अधिक, ते अवर्षणप्रवण. दोन वेगळ्या ठिकाणी भेटलेला एकच अवयव ताडून पाहिल्याने जो अर्थ हाती लागतो, तो पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा अधिक काळ टिकतो. तक्ता पाठ असायला हरकत नाही. शिकवणीत त्याच्या जोडीला वाक्येही देतात का, एवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : मी दहावीत आहे. अपठित उताऱ्यात शब्दाचा अर्थ मी संदर्भावरून काढतो, पण पुष्कळदा नेमका उलटा निघतो. माझे काय चुकते? — मंगळवेढा

उत्तर : तुझे चुकतेच असे नाही; कधीकधी संदर्भच चकवतो. अमेरिकी संशोधक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये संदर्भांचे चार प्रकार मांडले : अर्थाकडे थेट नेणारे, साधारण दिशा दाखवणारे, काहीच न सांगणारे आणि दिशाभूल करणारे. ‘त्या दिवशी तो उद्विग्न होता’ यात काहीच कळत नाही. इथे डोके न शिणवता पुढे वाचत जावे. ‘लग्नघरात सनई वाजत होती, मुले पळापळ करीत होती आणि मामा एका कोपऱ्यात निर्विकार बसले होते’ हे वाक्य दिशाभूल करते, कारण लग्न म्हटले की मन आधीच ‘आनंदाने’ हा अर्थ पुरवून मोकळे होते. येथे ‘एका कोपऱ्यात’ आणि ‘बसले होते’ हे दोन बारीक धागे बाकीच्या धावपळीशी विसंगत आहेत, तिकडे लक्ष गेले पाहिजे. अर्थ ठरवल्यावर त्याला विरोध करणारा एखादा शब्द उताऱ्यात आहे का, हे मुद्दाम शोधायची सवय लाव. बहुतेक विद्यार्थी आपल्या अंदाजाला दुजोरा देणारे शब्दच शोधतात. हिंदीच्या ओळखीवर विसंबून राहणेही टाळ. मराठी उताऱ्यातील ‘शिक्षा’ला हिंदीप्रमाणे शिक्षण समजणारी उत्तरे दरवर्षी लिहिली जातात.

प्रश्न : विज्ञानातील पारिभाषिक शब्दांना ही रीत लागू पडते का? — विज्ञान शिक्षक, सोलापूर

उत्तर : बेताचीच. ‘दोरीवर टाकलेली ओली चादर वाळते, कारण तिच्यातील पाण्याचे बाष्पीभवन होते’ या वाक्यावरून पाणी उडून जाते एवढे समजते आणि गोष्टीच्या पुस्तकात तेवढे पुरले असते. विज्ञानात उत्कलनापेक्षा ते वेगळे कसे, हेही कळावे लागते आणि ते या वाक्यात नाही. पारिभाषिक शब्दासाठी मुलांना ‘म्हणजे’, ‘याला... असे म्हणतात’ अशी व्याख्येची वाक्ये हुडकायला शिकवावे. पुस्तकात ती जवळपासच असतात.

नव्या शब्दांपेक्षा अधिक सांभाळावे लागते ते जुन्या, रोजच्या शब्दांना. बोलताना ‘बळ’ आणि ‘शक्ती’ यांत आपण फरक करीत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात बल ही एक राशी आहे आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, ही दुसरी. चादरींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन सोलापूर स्थानकात गाडीची वाट पाहत उभा असलेला हमाल घामाघूम झाला तरी त्याने गठ्ठ्यावर केलेले ‘कार्य’ शून्य असते, कारण विस्थापन झालेले नाही. असे शब्द मुलांना अनोळखी वाटतच नाहीत, म्हणून त्यांचा अर्थ कोणी विचारतही नाही. ते आपणच आधी काढून दाखवावेत.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. चौथीपर्यंत शिकले. मुलगी तिसरीत आहे, वाचताना शब्द अडला की मला विचारते. मला तरी कुठे येतो? — एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, अर्थ तुम्हाला यायलाच हवा असे नाही. तिला उलट विचारा, ‘तुला काय वाटतं, आणि कशावरून?’ मग तिने सांगितलेला शब्द घालून वाक्य पुन्हा वाचायला लावा आणि ऐका. मराठी रोज बोलणाऱ्या कानाला वाक्य खटकले की ते खटकते, त्याला शाळा लागत नाही. विड्या वळता वळता हे होण्यासारखे आहे, हातातले सूप खाली ठेवावे लागत नाही.

दुसरे असे की तिने जे पाहिले आहे त्याचे वाचन तिला आधी मिळू द्या. संक्रांतीच्या सुमारास वर्तमानपत्रांत सिद्धेश्वर यात्रेची बातमी येते, ‘अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक’ असा तिचा मथळा असतो. नंदीध्वजांमागून चाललेल्या, तेल वाहताना पाहिलेल्या मुलीला ‘तैलाभिषेक’ हा शब्द सांगावा लागणार नाही, आणि शेजारी कन्नड बोलणारे कुटुंब असेल तर त्याच विधीचे ‘यण्णीमज्जन’ हे नाव तिच्या कानावरून गेलेलेही असेल. बातमीतले इतर कठीण शब्दही मग तिला तितकेसे परके वाटणार नाहीत. शब्द तरीही सुटला नाही तर त्याच्याखाली रेघ मारून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायचे. पण विचारताना आपला अंदाज आधी सांगायचा.

प्रश्न : अंदाज चुकला तर गुण द्यावेत का? — शिक्षक, मोहोळ

उत्तर : वार्षिक परीक्षेत उत्तरसूचीच्या बाहेर जाता येत नाही. वर्गातील चाचणीत मात्र दोन गुणांचा प्रश्न विभागून विचारावा : एक गुण अर्थाला आणि एक, तो अर्थ उताऱ्यातील कोणत्या शब्दांवरून काढला ते उतरवून दाखवण्याला. अर्थ बरोबर पण आधार कोरा असेल, तर बहुधा तो शब्द आधीच ठाऊक होता किंवा शेजाऱ्याकडून आला. त्याला एकच गुण द्यावा. अर्थ चुकला पण आधाराचे शब्द योग्य असतील, तर त्यालाही एकच.